बयाणा आधी, पाहुणा मागून



अध्यक्षपदाचा मान दिलात याबद्दल चालकांचा ऋणी आहे. माझ्याहून अधिक योग्य माणसे समोर बसली आहेत हे सांगण्याचा प्रघात आहे. तो पाळला असे समजावे.

राष्ट्राराष्ट्रांच्या प्रादेशिक सहकार्यातून शाश्वत आणि स्मार्ट पर्यटन, असा भारदस्त विषय आपण योजिला आहे, आणि त्याचा साद्यंत आढावा अध्यक्षाने घ्यावा असा संकेत आहे. तो थोडक्यात उरकतो. संयुक्त राष्ट्रांनी 2017 हे वर्ष शाश्वत पर्यटनाला अर्पण केले. आपल्या दक्षिण आशियात 2014 च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही. आणि भूतानने परदेशी पाहुण्यावरील दर रात्रीचा आकार 2022 साली 200 डॉलर केला व वर्षभरात निम्म्यावर आणला. तपशील ज्यांना हवे त्यांनी सकाळचे निबंध वाचावेत. मला बोलायचे आहे ते निराळेच, आणि ते बोलण्याची संधी मी फार वर्षे शोधत होतो.

दोन मुलुखांचे सहकार्य कसे असते हे पाहण्यास काठमांडूला जाण्याचे प्रयोजन नाही. येथून, या जामसरहून, उत्तरेस असलेला नगर हवेलीचा परगणा, जो पुणे दरबाराने 1779 च्या तहान्वये पोर्तुगीजांना महसुलासाठी लावून दिला होता, तो 1954 च्या ऑगस्टपर्यंत परमुलूखच होता. आणि ज्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखा गायक उतरला त्या लढ्याने तिथले सिल्व्हासा मुक्त झाल्यावर पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात या परगण्यापर्यंतच्या आपल्या वाटेच्या वहिवाटीचा दावा चालविला. 12 एप्रिल 1960 रोजी निवाडा झाला, की खासगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल यांना जाण्यायेण्याचा हक्क होता, मात्र फौज, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. हेगमध्ये विद्वान वकिलांचा हा काथ्याकूट चालला असता इकडचा वारली आणि कोकणा तिकडच्या गावाशी सोयरीक जुळवीत होता, बाजार करीत होता, आणि त्याला कोणी परवाना विचारलाच तर तो हसत असावा.

आजचे आपले करारमदार त्याच निवाड्याच्या वळणावर जातात. पाहुण्याने कोठून यावे, कोणता व्हिसा घ्यावा, कोणत्या मोबाईलवर खोली राखावी, याचा बारकाईने विचार होतो. यजमान त्याच वेळी कोठे जातो, हे मात्र कोणत्याही मसुद्यात मला आजवर आढळलेले नाही. माझी तक्रार ही एवढीच आहे, पण ती मूलभूत आहे.

आमच्या मुलुखाचे पंचांग पाहा. मुंबईचा पाहुणा दाभोसा धबधबा पाहण्यास येतो तो आषाढ-श्रावणात, म्हणजे नेमका राबातली रोपे उपटून आवणीसाठी घरचे लहानथोर चिखलात उभे असतात तेव्हा. त्याला भाकरी थापून घालण्यास कोणाला फुरसत नसते, आणि अपघातांच्या भयाने कलेक्टरांचा मनाई हुकूम निघाला म्हणजे तोही येईनासा होतो. भात झोडून झाले, आभाळ निवळले, थंडी पडली, शिर्पामाळावरून दूरवरचे डोंगर दिसू लागले, म्हणजे परदेशी माणसाने यावे असा खरा काळ सुरू होतो, आणि नेमक्या तेव्हाच घरांना कड्या लागतात. दिवाळी आटोपताच माणसे वीटभट्टीवर जातात, भिवंडीकडे, वसईकडे, सरहद्दीपलीकडे गुजरातेत. ती परततात मृगाच्या सुमारास.

एका हिवाळ्यात मी काही युरोपीय पाहुणे घेऊन या तालुक्यातल्या एका पाड्यावर आलो होतो. भाताच्या दिवसांत ज्याचा तारपा ऐकून मी थक्क झालो होतो त्याच्याच अंगणात बैठक ठरली होती. अंगणात म्हातारी सासू आणि दोन कोंबड्या. पाहुण्यांना जव्हारचा राजवाडा दाखविण्याच्या निमित्ताने दुसऱ्याच्या हवाली करून मी भिवंडीच्या अलीकडच्या भट्टीवर गडी शोधून काढला. तो उकिडवा बसून साच्यात गारा दाबीत होता. भोपळ्याच्या त्या वाद्याच्या भोकांवर नाचणारी त्याची बोटे पेरापेरांत चिरलेली होती आणि चिरांत माती भरली होती. मी रागावूनच विचारले, की शब्द देऊन असे कसे केलेस? तो म्हणाला, "साहेब, तुमचा नुसता शब्द होता. शेठचा बयाणा होता."

सकाळच्या सत्रात घरगुती निवास बरा की हॉटेल, यावर आमच्या दोन विद्वान मित्रांची जुगलबंदी झाली. दोघांनाही माझे उत्तर त्या तारपकऱ्याचेच आहे. घरात माणूस नसेल तर घरगुती निवास कोणाच्या घरी करणार, आणि हॉटेलात तारपा कोण वाजविणार? स्मार्ट फलकांविषयीही असेच. एका धबधब्याच्या वाटेवर मोबाईलने वाचावयाच्या खुणेचा फलक कोणी लावला आहे. तिथे रेंज येत नाही, म्हणून तो वाचण्यासाठी लोक मागे टेकाडावर चढतात, आणि कोणता दगड निसरडा आहे हे शेवटी भजी तळणारी बाईच त्यांना सांगते. तिला त्याबद्दल दमडीही मिळत नाही.

आता सहकार्य कशात हवे ते सांगतो. परदेशी प्रवासकंपनी आपल्या गिऱ्हाइकाकडून सहलीचे पैसे महिनेन् महिने आधी उगवून घेते. ते तिच्या देशात, मग मुंबईच्या दलालाकडे, मग तालुक्याच्या कंत्राटदाराकडे विसावत येतात, आणि ज्याच्या चुलीवर नागलीची भाकरी भाजली गेली त्याला पाहुणा गेल्यावर, पुष्कळदा मागून मागून, उरलेसुरले मिळते. भट्टीचा मालक या कंपन्या-दलालांहून शहाणा. तो सणाच्या तोंडावर, घरात कपडालत्ता हवा असतो तेव्हा, रोख रक्कम हातावर ठेवतो. त्याच्या पिळवणुकीचे समर्थन मला करायचे नाही. पण बयाण्याला उत्तर बयाण्यानेच द्यावे लागेल. त्या त्या देशात भरलेल्या पैशांतला यजमानाचा हिस्सा दसऱ्याच्या आत पाड्यावर, ग्रामसभेच्या देखत, पोचला पाहिजे, आणि पाहुण्यांचा ओघ कार्तिक ते फाल्गुन या काळात महाराष्ट्र, गुजरात आणि दादरा-नगर हवेली यांनी आपसांत वाटून घेतला पाहिजे. एवढे ज्या करारात नसेल त्याला शाश्वत म्हणण्यास माझी हरकत राहील. किती पाहुणे आले हा आकडा मला सांगू नका. दिवाळीनंतर किती दारे उघडी राहिली तो सांगा.

यात अडचणी आहेत हे मी जाणतो. पाहुणा आलाच नाही तर बयाण्याचे काय, फिरवायचा की बुडाला समजायचा? हिशेबाचे दप्तर कोणी ठेवायचे? तीन सरकारांना एका मेजाशी कोणी बसवायचे? यांची उत्तरे शोधण्यासाठी एक छोटी समिती नेमावी, अशी सूचना आहे. तिची मुदत, खर्च वगैरे कार्यकारिणीने पाहावे. माझ्या वयाच्या माणसाकडून त्याहून अधिक अपेक्षा करू नये. इच्छुकांनी जेवणापूर्वी आपली नावे चिटणिसांकडे द्यावीत. भट्टीवर निदान एक हंगाम काढलेला माणूस समितीवर असलाच पाहिजे, ही मात्र माझी अट आहे, आणि तो मिळेपर्यंत समितीची पहिली बैठक बोलावू नये.