पिनेची जात



शिक्रापूरच्या चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांची पाळी सुटते आणि खिशातून मोबाईल निघतात. नजर आधी पाठीवरच्या छापावर, माणसाकडं नंतर. कंत्राटावर राबणारं पोर सफरचंदापायी हप्ते फेडत बसतं. याच रांजणगावात कारखाना असलेल्या एलजीनं २०२१ मध्ये मोबाईलचा धंदाच गुंडाळला. मग त्या छापाची इज्जत कुठं गेली?

वीज सगळ्यांची एकच, पण पिनांचा रोटीबेटी व्यवहार बंद! ॲपलनं २०१२ साली आपली वेगळी पिन काढली, २०२० साली खोक्यातला चार्जरही काढला. सोवळं कंपनीचं, भुर्दंड आपला. युरोपनं २०२२ मध्ये कायदा केला, तेव्हा कुठं २०२३ मध्ये ॲपल टाईप-सीच्या पंगतीला बसलं.

यंत्राचा विटाळ कायद्यानं फिटला. माणसाचा? संविधानाचं कलम १७ तर १९५० पासून आहे. तरी मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. कारण काय पुढं आलं? मोबाईलवर वाजलेली भीमगीताची रिंगटोन! तिथं मोबाईल कुठल्या छापाचा, हा सवालच नव्हता.

फोन घ्या, चांगला घ्या. पण इज्जत हप्त्यानं मिळत नाही भावांनो, ती लढूनच घ्यावी लागते.

जय भीम!