गावचा फूट ओळखा, रस्ता आहे तोवर निघा
(कृष्णा-पंचगंगाकाठच्या शेतकऱ्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मृगाची घाई सुरू होण्याआधी गावानं एक संध्याकाळ एकत्र बसावं, एवढंच सांगण्यासाठी आजचं हे बोलणं आहे. बी-बियाणं, खत, औतं यांची तयारी आपण दर साली करतो. पुराची तयारी मात्र पाणी मळीत शिरल्यावर सुरू होते. तोवर हातातला वेळ गेलेला असतो.

आपल्या मोठ्या नद्यांचा पूर सांगून येतो. महाबळेश्वर, कोयनानगर, राधानगरी, गगनबावडा या बाजूला पाऊस झोडपतो. धरणं भरत येतात, दरवाजे उघडतात. कोयना कराडला कृष्णेला मिळते, वारणा हरिपूरला, आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला. खाली कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढं वाट राहत नाही. ते मागं फुगत येतं. म्हणूनच आपल्या शिवारात पाऊस उघडून ऊन पडलं, तरी पाणी चढत राहतं. 'पाऊस थांबला, आता काय भीती?' असं म्हणणारा माणूस इथंच फसतो. आभाळाकडं बघून पुराचा अंदाज करू नका, नदीच्या फुटाकडं बघा.

हे फूट तुम्ही पावसाळ्यात रोज ऐकता. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. पण हे झाले सांगली-कोल्हापूरचे आकडे. आपल्या गावचा आकडा कोणता? पुलावर किती फूट झालं की आपल्या ओढ्यावर पाणी येतं? किती झालं की रस्ता बंद होतो? किती झालं की खालच्या गल्लीत पाणी शिरतं? हे कोणी बाहेरचा येऊन सांगणार नाही. ते गावालाच शोधून काढावं लागेल.

काम अवघड नाही. जुन्या-जाणत्या माणसांना बोलवा. २००५, २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आलं, कोणत्या दिवशी रस्ता गेला, हे त्यांना आठवतं. त्या दिवसाचे पुलावरचे फूट पाटबंधारे खात्याकडून मिळतील. विजेचा खांब, देवळाची पायरी, शाळेची भिंत इथं पक्क्या रंगानं खुणा करा. यंदा पाणी चढू लागलं की एक वही ठेवा. तारीख, वेळ, पुलावरचे फूट, आणि गावात पाणी कोणत्या खुणेला आहे, एवढं लिहा. दोन-तीन पावसाळे वही चालली की गावचा हिशेब गावाच्या हातात येईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. बहुतेक गावांत घरात पाणी येण्याआधी रस्ता जातो. ओढ्यावरचा पूल बुडतो, सखल वळण बुडतं, आणि गाव कोरडं असूनही बेट होतं. मग नावेशिवाय गत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि त्यात बायामुलांसह कितीतरी जीव गेले. म्हणून उंबऱ्याला पाणी लागायची वाट पाहू नका. रस्ता ज्या फुटाला बंद होतो, तोच तुमच्या गावचा धोक्याचा फूट. त्याच्या आत गाव हललं पाहिजे.

दुसरी चूक जुन्या खुणेवर विसंबण्याची. २००५ सालचा पूर मोठा होता. त्या वेळी आयर्विन पुलाजवळ ५३ फूट ९ इंच पाणी आलं. 'याच्या वर काही येत नाही' असं मनात धरून अनेकांनी २०१९ मध्ये सामान माळ्यावर ठेवलं आणि घरातच थांबले. त्या साली पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. म्हणजे जवळजवळ चार फूट जास्त. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर आला. जुनी खूण म्हणजे नदीनं घातलेली शपथ नव्हे. त्या वेळी पाणी कुठवर आलं, एवढंच ती सांगते.

वेळेचा हिशेब असा करा. समजा, रस्ता बुडायला अजून पाच फूट आहेत आणि पाणी तासाला तीन इंच चढतंय. म्हणजे वीस तास झाले. पण यातले निम्मेच आपले समजा. वर धरणाचा विसर्ग वाढला की चढ वाढतो, आणि रात्रीच्या वेळी हलणं कठीण. दहा तासांत जे काम होईल, तेवढाच वेळ हातात आहे असं धरून चाला.

बाहेर पडायला उशीर का होतो, हे आपण सगळे जाणतो. जनावरं! दावणीला म्हैस सोडून माणूस निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून जनावरं आधी हलवा, म्हणजे माणूस अडकत नाही. इशारा पातळी आली की गाभण, दुभती आणि वासरं आधी उंचावर न्या. पाहुण्यांचं गाव, माळावरची वस्ती, जिथं न्यायचं ती जागा मे महिन्यातच बोलून ठेवा. एका मोठ्या जनावराला दिवसाला निदान सहा किलो सुकी वैरण धरली, तर आठ दिवसांना सुमारे पन्नास किलो लागते. दोन म्हशींना एक क्विंटल. एवढा कडबा आधीच वर नेऊन ठेवा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. आणि एखादं जनावर राहिलंच, तर दावं कापून मोकळं सोडा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, मोकळं पोहून जाण्याची आशा असते.

नदीकाठची मोटार आणि स्टार्टरची पेटी लवकर काढा. चढत्या पाण्यात मोटारीसाठी उतरू नका. मोटार पुन्हा घेता येते. बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी निघाले की नाही, तेही बघा.

घरची बाब थोडक्यात सांगतो. सातबारा, बँकेचं पुस्तक, आधार कार्ड, औषधं प्लास्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवा. निघताना विजेचं मेन बटण आणि गॅस बंद करा. गावानं गल्लीवार यादी करावी: म्हातारी माणसं, गरोदर बाया, आजारी, एकटे राहणारे. प्रत्येक नावापुढं त्यांना घेऊन निघणाऱ्या माणसाचं नाव लिहावं. कोणाची ट्रॉली, कोणता चालक, हेही ठरवावं. बचत गटातल्या भगिनींना या यादीत पुढं घ्या. कोणत्या घरात काय अडचण आहे, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

पूर ओसरल्यावर घाई करू नका. अडगळीत साप असतात, भिंती भिजलेल्या असतात. पाणी उकळून प्या. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, ताप आला तर लगेच दवाखाना गाठा. आवराआवर करण्याआधी नुकसानीचे फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, कळवा. उसात चर काढून पाण्याचा निचरा करा, पानांवरचा गाळ स्वच्छ पाणी फवारून धुवा. शेंडा पाण्यावर राहिलेला ऊस बहुधा सावरतो. सुरळीत गाळ बसून शेंडा कुजला असेल, तर त्या उसाचा निर्णय सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवून घ्या.

बंधू-भगिनींनो, पूर अडवणं एका गावाच्या हातात नाही. वेळेवर निघणं आहे. त्यासाठी सरपंच, पोलीस पाटील आणि चार जाणती माणसं एका संध्याकाळी देवळात बसली तरी पुरे. ती संध्याकाळ याच आठवड्यात काढा.

ध्यानात ठेवा
१. रस्ता ज्या फुटाला बंद होतो, तो गावचा धोक्याचा फूट. तो आकडा चावडीवर मोठ्या अक्षरांत लिहा.
२. जुन्या पुराच्या खुणेवर विसंबू नका.
३. आधी जनावरं, मग सामान. माणसं रस्ता सुरू असतानाच बाहेर.
४. हिशेबाने आलेल्या वेळेतला निम्माच आपला.
५. नावेत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसू देऊ नका.
६. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष : १०७७. तातडीची मदत : ११२. रुग्णवाहिका : १०८.