पॅकेज किती?

मंडळी, आपल्या कांजूरमार्ग स्टेशनवरून रिक्षा केली की पवईची आयआयटी आलीच. १९५८ सालची संस्था. मुलांना तिथले कटऑफ पाठ. आत संशोधन कशावर चालतं विचारलं, की गप्प! दोष त्यांचा नाही. माझ्या मुलीला बारावीनंतर फिजिक्स घ्यायचं होतं. मी विचारलं, "पॅकेज किती?" ती इंजिनीअर झाली. पगार उत्तम.

पुढे नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण बघायला गेलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! ती तासभर प्रश्न विचारत होती. परतताना मला बोलवेना.

विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, तिथे प्रदर्शन भरतं. यंदा सोसायटीची बस काढू या. सेक्रेटरीसाहेब, खर्चाचं तेवढं बघा.