सुटकेनंतरचे छप्पर



कारागृहाचा दरवाजा उघडला की शिक्षा संपली, असे कायदा मानतो. घरमालक मानीत नाही. नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून सुटलेला मनुष्य गोंदिया स्थानकावर उतरतो, तेव्हा रात्रीचा निवारा हीच त्याची पहिली चिंता असते. भाड्याने खोली मागावी, तर ओळख देणारा कोणी नाही; आणि राहण्याचा पत्ता नसलेल्यास कामावर कोण ठेवणार?

औंध संस्थानाने या दिशेने १९३९ साली एक पाऊल टाकले. राजे भवानराव पंतप्रतिनिधी व पोलंडचे अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. कैदी तेथे कुटुंबासह राहून शेती करीत. १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. चित्रपट बहुतेकांनी पाहिला आहे, वसाहत फार थोड्यांनी. ते रहिवासी तर अद्याप शिक्षा भोगत होते. मग शिक्षा पुरी केलेल्यास घर का नसावे?

गोंदियास वसाहतीची आवश्यकता नाही. चार खोल्या, वर्षभराचे माफक भाडे आणि शब्द देणारा एखादा प्रतिष्ठित गृहस्थ, एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. उधारीच्या मालासाठी असा शब्द आपल्या बाजारपेठेत रोजच दिला जातो.