वजन उतरविणारी शस्त्रक्रिया : पहिले वर्ष आणि दहावे वर्ष



कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळी सुटते, तेव्हा बाहेर पडणाऱ्या माणसांत कागल, हातकणंगले, करवीर तालुक्यांतली आणि निपाणीकडचीही पुष्कळ माणसे असतात. यांतल्या कित्येकांच्या वडिलांनी उसाच्या सरीत आणि बैलांच्या मागे जन्म काढला. मुलांचे काम यंत्रापुढे उभे राहून नाहीतर संगणकापुढे बसून चालते. ताटातली भाकरी मात्र बापाच्याच मापाची राहिली. त्यात रात्रपाळीची जागरणे आली, दर दोन तासांनी गोड चहा आला. आपल्या कोल्हापूर भागात भरल्या अंगाचे कौतुकही फार. पण तालमीतला गडी खुराक खातो तो जोर-बैठकांच्या हिशेबाने. जोर-बैठका सुटल्या आणि खुराक राहिला, तर काय व्हायचे ते होतेच.

थोडे वाढलेले वजन चालण्याने आणि ताट आवरण्याने काबूत येते. परंतु काहींचे वजन सव्वाशे किलोच्या घरात जाते. मधुमेह, रक्तदाब, दुखणारे गुडघे, झोपेत अडकणारा श्वास असा सगळा लवाजमा त्याच्या मागोमाग येतो. अशा माणसाला हल्ली कोणीतरी सांगते, "पोटाचं ऑपरेशन करून घे, वर्षात अर्धा होशील." आपल्या महाराष्ट्राचे नेते श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हापासून बॅरिॲट्रिक हा शब्दही आपल्या कानावर आहे. 'बॅरोस' म्हणजे ग्रीक भाषेत वजन, त्यावरून तो आला.

मी वैद्य नव्हे, महाविद्यालयात शिकविणारा मास्तर आहे. कोणी शस्त्रक्रिया करावी हे सांगणे माझे काम नव्हे. पण ती केल्यावर पुढे काय होते, याचा हिशेब जगात नीट ठेवला गेला आहे. तो आज आपल्यापुढे मांडतो.

आधी शस्त्रक्रिया म्हणजे काय ते पाहू. मुख्य प्रकार दोन. पहिल्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी करतात आणि ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न मधला टप्पा वगळून जाते. हा दुसरा मार्ग अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली प्रथम वापरला. पोटातली चरबी कापून काढतात, अशी समजूत पुष्कळांची असते. ती चुकीची आहे. बदलते ती जठराची जागा, आणि तिच्याबरोबर भूकही बदलते. जठरात घ्रेलिन नावाचे एक संप्रेरक तयार होते. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधले. नुसता उपास करून वजन उतरविले, की शरीराला वाटते दुष्काळ पडला. हे संप्रेरक वाढते आणि माणूस भुकेने कासावीस होतो. म्हणून वजन पुन्हा चढलेल्या माणसाला "तुझ्यात निर्धारच नाही," असे म्हणणे अन्यायाचे आहे. शस्त्रक्रियेने ही हाक काही काळ बरीच मंदावते.

आता हिशेब. स्वीडन देशात १९८७ साली एक मोठी पाहणी सुरू झाली. शस्त्रक्रिया केलेली २,०१० माणसे आणि तशाच वजनाची पण शस्त्रक्रिया न केलेली २,०३७ माणसे, अशा दोन गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यात आले. आतड्याला नवी वाट करून दिलेल्या लोकांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी शेकडा ३२ ने उतरले. दहा वर्षांनी ही घट शेकडा २५ भरली. जठर बांधण्याच्या ज्या जुन्या पद्धती होत्या, त्यांत ती शेकडा १४ ते १६ पर्यंतच राहिली. शस्त्रक्रिया न केलेल्यांचे वजन मात्र जवळजवळ जागच्या जागी होते.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात मांडावे असे हे त्रैराशिक आहे. समजा, एका कामगाराचे वजन १२० किलो आहे. पहिल्या टप्प्यात ३८ किलो उतरून तो ८२ वर येतो. घरी पेढे वाटले जातात. दहाव्या वर्षी तोच गृहस्थ ९० च्या आसपास असतो. आता याला फसगत म्हणायचे का? शेजारी म्हणतील, "बघा, पैसे पाण्यात गेले." पण १२० वरून पाहिले, तर दहा वर्षांनंतरही ३० किलो उतरलेलेच आहेत. हे सरासरीचे गणित झाले. कोणाचे अधिक टिकते, कोणाचे कमी.

वजनापेक्षा प्रकृतीचा हिशेब मोलाचा. त्याच पाहणीत ज्यांना आधी मधुमेह होता, त्यांपैकी शेकडा ७२ जणांचा मधुमेह दोन वर्षांत ओसरला. दहा वर्षांनी हा आकडा शेकडा ३६ वर आला, तर शस्त्रक्रिया न केलेल्यांत तो शेकडा १३ होता. म्हणजे मधुमेह परतही येतो, म्हणून तपासणी सोडून चालत नाही. २००७ साली मृत्यूंची मोजदाद प्रसिद्ध झाली, तेव्हा शस्त्रक्रिया केलेल्या गटात १०१ आणि दुसऱ्या गटात १२९ मृत्यू झाले होते. शस्त्रक्रियेला धोका नाही असेही नव्हे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, २००९ साली, महिन्याभरात दगावणाऱ्यांचे प्रमाण हजारात तीन आढळले.

आपल्या लोकांची एक निराळीच गोष्ट आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. तपासले तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी शेकडा ९, तर याज्ञिकांच्या अंगात शेकडा २१. २००४ साली ही तुलना प्रसिद्ध झाली. आपण दिसायला बारीक असलो तरी आत चरबी बाळगून असतो. म्हणूनच आशियाई माणसांसाठी धोक्याची रेषा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात. हा निर्देशांक काढणे सोपे आहे. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचे. विम्याच्या नियमांत मात्र ४०, किंवा गंभीर आजार सोबत असल्यास ३५, हीच अट आहे. खर्चाचा विचार करताना ती ध्यानात ठेवावी.

आता कारखान्यातल्या माणसाचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर घास लहान, चावणे सावकाश, आणि जेवताना पाणी नाही. एका जेवणाला वीस-तीस मिनिटे लागतात. पाळीच्या सुट्टीत धावतपळत जेवणाऱ्याने हे आधीच ठरवून ठेवावे. सुरुवातीचा महिना-दीड महिना जड उचलायचे नसते. डाळ, मटकी, अंडी, दूध आधी पोटात जावे, भात-भाकरी मागून. गूळ, काकवी, उसाचा रस म्हणजे आपल्या भागाचे वैभव. पण नव्या वाटेच्या पोटात ते झटकन आतड्यात उतरते आणि घाम फुटतो, छातीत धडधडते. दारू लवकर चढते, तिची सवय जडण्याचाही धोका वाढतो. कंबर दुखली म्हणून दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी आतड्याला नवी वाट केलेल्याच्या पोटात व्रण करू शकते. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. वारंवार उलट्या होऊ लागल्या तर थांबू नये. ब-१ च्या अभावाने नसा दुखावतात. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी.

हे सारे एकट्याने होणारे नव्हे. घरात सगळ्यांसाठी एक स्वयंपाक आणि त्याच्यासाठी निराळी वाटी, असे फार दिवस चालत नाही. सणावाराला "एवढ्यानं काय होतंय, घे की!" म्हणणारे पाहुणेही असतात. वजन उतरते ते शस्त्रक्रियेने, पण ते सांभाळायला घरातल्या चार माणसांचा हात लागतो.

म्हणून शेतावर किंवा दागिन्यांवर कर्ज काढून सही करण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझ्यासाठी कोणता प्रकार, आणि तोच का? पुढे दरवर्षी तपासणी कोण करणार, आणि त्या तपासण्यांना नि गोळ्यांना खर्च किती? वजन पुन्हा चढू लागले, तर मी कोणाकडे यायचे? पहिल्या वर्षाचे आकडे सगळेच सांगतात. या तीन प्रश्नांना जिथे बसवून, समजावून उत्तर मिळेल, तिथेच पुढचा विचार करावा.