अळी मोजू नका, पाळा



स्वागताध्यक्षांनी माझ्याविषयी जे सांगितलं त्यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, ते जेवताना सांगेन. शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरातली ही शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. इथं उसाच्या किडीवर बोलायला संकोच नको.

अध्यक्षानं आपल्या कीटक-अभ्यासक परिषदेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. तो छापून तुमच्या पिशवीत घातला आहे, सवडीनं वाचा. मला आज एका माशीची कैफियत मांडायची आहे. ती मांडायला व्यासपीठ मिळावं म्हणून मी बरीच वर्षं थांबलोय.

स्टर्मिऑप्सिस इन्फेरेन्स हे तिचं नाव. घरमाशीएवढी, अंगावर राठ केस, कुणी दोनदा बघणार नाही अशी. उसाचा खोडकिडा हे तिचं भक्ष्य. पण अळी असते खोडाच्या आत, बोगद्यात, आणि माशीला खोड काही पोखरता येत नाही. मग ती अंडी पोटातच उबवते. मिलनानंतर आठवडाभराहून अधिक काळ ती पिल्लं पोटात वागवते आणि छिद्राच्या तोंडाशी, अळीच्या ओल्या विष्ठेपाशी, जिवंत कृमी सोडते. ते कृमी बोगद्यातून सरपटत जातात, अळीची कातडी फोडून आत शिरतात आणि तिथूनच हवा घेत अळीला खातात. एक माशी असे शेकडो कृमी सोडू शकते. कोइमतूरच्या ऊस संस्थेनं ही माशी प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडली, त्यालाही आता जमाना झाला.

आपल्याकडे मात्र परोपजीवी म्हटलं की ट्रायकोकार्ड. ट्रायकोग्रामा या चिमुकल्या गांधीलमाशीशी माझं भांडण नाही. मी स्वतः हजारो कार्डं पानांना टाचली आहेत. ती तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढते, कागदावर चिकटते, पाकिटात बसते, विकता येते. माशीला जिवंत खोडकिडाच लागतो. तिचं कार्ड होत नाही, म्हणून तिचा विक्रेता नाही, आणि विक्रेता नाही म्हणून तिच्यावर परिसंवादही नाही. कुणाला राग आला तर येऊ द्या.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. आपण शेतात जातो, पोंगेमर झालेले, म्हणजे मधला पोंगा सुकलेले, फुटवे उपटतो, चिरतो, अळ्या मोजतो आणि फेकून देतो. तक्त्यात लिहितो, ‘जिवंत अळ्या’. त्यातल्या कितीतरी अळ्या आतून संपलेल्या असतात. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी हलणारी अळी दिसली की औषध वाया गेलं असा निष्कर्ष, लगेच दुसरी फवारणी. त्या फवारणीत माशी मरते, आणि अहवालात तिच्या मरणाची साधी नोंदसुद्धा होत नाही.

२००२ साली उसावर लोकरी मावा आला तेव्हा काय गोंधळ उडाला होता, जुन्यांना आठवत असेल. पांढऱ्या पडलेल्या पानांवर एक अळी फिरत होती. एका तरुण अधिकाऱ्यानं माझ्यासमोर वहीत लिहिलं, ‘माव्यासोबत अळीचाही प्रादुर्भाव’. ती डिफाची अळी होती. पतंगाचीच, पण मावा खाणारी. पुढं माव्याला आवरण्यात तिचा मोठा वाटा होता. मी म्हटलं, बाबा रे, चार दिवस डबीत ठेव आणि बघ काय खाते ते. तो म्हणाला, वेळ नाही, संध्याकाळपर्यंत आकडा पाठवायचाय.

पोंगेमर फुटवे उपटून जाळावेत की नाही, यावर काल रात्री इथं दोन विद्वानांचा बराच आवाज चढला होता. शिरोळकडच्या एका शेतकऱ्यानं हा वाद माझ्यापुरता कधीच मिटवलाय. फुटव्यांचा भारा बांधावर टाकून तो काडी लावायला निघाला होता. मी थोडे फुटवे मागून घेतले आणि मलमलीचं तोंड बांधलेल्या पत्र्याच्या डब्यांत ठेवले. काही दिवसांनी त्याला बोलावलं. डब्यात पतंग थोडे आणि राखी माश्या भरपूर. तो म्हणाला, “आवं सायेब, म्हंजी मी माजीच मान्सं जाळत हुतो की!” त्यानंतर तो फुटवे जाळीखाली ठेवायचा, पतंग चिरडायचा आणि माश्या शेतात सोडायचा. उपटा, जरूर उपटा. काडी लावू नका.

माशीवर एक आक्षेप असा की ती उशिरा मारते, तोवर पोंगा गेलेला असतो. बरोबर, त्या फुटव्याला ती वाचवत नाही. पण कोवळा ऊस गेलेल्या फुटव्याची भरपाई नव्या फुटव्यांनी करतो. बाळबांधणी वेळेवर झाली तर खोडकिड्याला आणखी आळा बसतो. माशी पुढची पिढी तोडते. शेतकऱ्याला हे दोन वाक्यांत समजतं, आपल्याला प्रबंध लागतो.

सगळ्याच माश्या आरतीच्या लायकीच्या आहेत असं मी म्हणत नाही. रेशीमवाल्याला विचारा. १९८० च्या सुमारास उझी माशी बंगालकडून कर्नाटकात आली आणि संगोपनगृहांना जाळ्या लावायची पाळी आली. पांढरं अंडं रेशीमअळीच्या पाठीवर, कृमी शिरतो तिथं काळा डाग. अमेरिकेनं १९०६ पासून कॉम्प्सिल्युरा नावाची युरोपातली माशी पतंगवर्गातल्या एका किडीवर सोडली. तिनं तिथल्या देखण्या रानरेशमी पतंगांच्या अळ्याही सोडल्या नाहीत. म्हणून तर सांगतो, कोण कुणाला खातं हे आधी बघा. ते बघायला परदेशी यंत्र लागत नाही. डबी, रोज ताजा चारा आणि धीर एवढं पुरतं. आमच्या पिढीत हे काम शिपाई आणि आम्ही मिळून करायचो. आता शिपाई नाही, आणि डबी धुवायला कुणी तयार नाही.

परिषदेनं एक नोंदवही सुरू करावी: तालुका, पीक, अळी आणि तिच्यातून काय निघालं. वही कुठं ठेवायची, खर्च कुणी करायचा, ते कार्यकारिणी ठरवील. माश्या ओळखणारी माणसं कमी आहेत, त्यांचंही काहीतरी बघावं लागेल. त्यावर नंतर बसू.

दुपारच्या सत्रात सर्वेक्षणांवरचे निबंध आहेत. मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि प्रत्येक वक्त्याला एकच प्रश्न विचारणार आहे: मोजलेल्या अळ्यांचं पुढं काय केलंत? उत्तर तयार ठेवून या.