पटावरचे मांडलिक

बुद्धिबळात राजा मारला जात नाही. त्याची कोंडी होते आणि डाव संपतो. कोंडीत सापडलेल्या त्या राजाचे पुढे काय झाले, जिंकणाऱ्याने त्याच्या मुलखात आपल्या कचेऱ्या बसविल्या की खंडणी घेऊन तो माघारी फिरला, उरल्या प्याद्यांनी यापुढे कोणाचे अन्न खाल्ले, हे सारे प्रश्न चौसष्ट घरांच्या बाहेरचे आहेत. पट आवरला की तेही आवरले जातात. राज्यकारभारात मात्र खरी अडचण सुरू होते ती शत्रूची कोंडी झाल्यानंतरच. श्रोतेहो, ज्या खेळाविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे, त्याचे वैशिष्ट्य हे की ही अडचण त्याने पटावर आणली.

‘सिव्हिलायझेशन’ हे त्या खेळाचे नाव. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो १९९१ साली अमेरिकेत प्रथम सिद्ध केला. संगणकावर खेळावयाचा हा डाव इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी सुरू होतो. वसाहत करू निघालेला एक जथा आणि सोबतीला एखादी शिपायांची तुकडी, एवढाच भिडूचा संसार. त्यातून गाव वसते, गावाचे नगर होते, लेखनविद्या, लोखंड, दारूगोळा अशा एकेक विद्या हाती येतात, आणि मग डोंगरापलीकडे दुसरीही राज्ये उभी असल्याचे ध्यानात येते. ती बहुधा संगणकच चालवीत असतो. खेळ पाळीपाळीचा आहे. आपली पाळी आपण संपविल्याखेरीज काळ पुढे सरकत नाही. खऱ्या रणांगणावर सेनापतीला जी उसंत कधीच लाभत नाही, ती येथे हवी तेवढी मिळते. आणि तरीही माणसे ज्या चुका करावयाच्या त्या करतातच.

या खेळाची चौथी आवृत्ती २००५ साली निघाली. सोरेन जॉन्सन हे तिचे मुख्य रचनाकार. पुढल्याच वर्षी ‘वॉरलॉर्ड्स’ नावाची पुरवणी तिला जोडण्यात आली आणि तिच्याबरोबर मांडलिक राजे पटावर आले. त्यानंतर आणखी आवृत्त्या निघाल्या, चित्रे अधिक देखणी झाली. पण मांडलिकांच्या प्रकरणात चौथी आवृत्ती जितक्या खोल उतरली तितकी दुसरी कोणतीही उतरली नाही, असे माझे मत आहे. म्हणून मी बोलणार आहे ते तिच्याविषयीच.

सरंजामशाहीची विद्या राज्यात आली की मांडलिकीचे करार करता येतात. करार दोन जातींचे. लढाईत पुरता खचलेला राजा शस्त्र खाली ठेवतो, ती शरणागती. न लढताच, किंवा तिसऱ्याच कोणाच्या भयाने, एखादा दुर्बळ राजा बलिष्ठाच्या पंखाखाली जातो, तो आश्रय. कौटिल्याने राजनीतीचे जे सहा गुण सांगितले आहेत, संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव, त्यांतील संश्रय तो हाच. दोन्ही करारांत मांडलिकाचे परराष्ट्रीय स्वातंत्र्य जाते. सार्वभौमाने युद्ध पुकारले की त्यालाही पुकारावे लागते. सार्वभौमाने तह केला की त्यालाही तह. त्याच्या खाणीतले लोखंड वा रानातले हत्ती सार्वभौमाने मागितले तर ते द्यावे लागतात. नाही म्हटले तर त्याचा अर्थ युद्ध. उलट सार्वभौमाच्या नगरांतले लोक मांडलिक मिळाल्याने खूष होतात, आणि मांडलिकाच्या नगरांत त्याच वेळी नाराजीची भर पडते. खेळाच्या पडद्यावर ही नाराजी एका लहानशा, ओठ मुडपलेल्या चेहऱ्याने दाखविली जाते. तो चेहरा इवलासा असला तरी डोळ्यांत भरतो.

आता प्रश्न असा की, शरण येऊ पाहणाऱ्याला केव्हा घ्यावे? नवशिक्या भिडूचे उत्तर ठरलेले असते: मुळीच घेऊ नये, शेवटचे नगर पडेपर्यंत लढावे. त्याचे रक्त तापलेले असते आणि नकाशावर एकच रंग पसरलेला पाहण्याची त्याला हौस असते. परंतु हिशेब निराळा आहे. परमुलखात लढाया जितक्या अधिक, तितका आपल्या घरच्या प्रजेला युद्धाचा वीट येत जातो. नगरांतली माणसे काम टाकून बसू लागतात. पोलिसी राज्यव्यवस्था स्वीकारून हा वीट निम्म्यावर आणता येतो, पण मग त्या व्यवस्थेखातर दुसरी एखादी लाभदायक व्यवस्था सोडावी लागते. शिवाय जिंकलेले प्रत्येक नगर आपल्या खजिन्यावर बोजा टाकते. राजधानीपासून ते जितके दूर, आणि आपली एकूण नगरे जितकी अधिक, तितका त्याचा खर्च मोठा. न्यायालय बांधले की तो निम्मा होतो हे खरे. पण नुकत्याच पडलेल्या, अद्याप धुमसणाऱ्या नगरात न्यायालय बांधायला किती पाळ्या लागतील याचा विचार तापलेले रक्त करीत नाही. शत्रूची राजधानी आणि दोनतीन चांगली नगरे हाती आल्यावर उत्तरेकडच्या बर्फातली उरलेली चार खेडी घेण्यासाठी पुन्हा वीस पाळ्या लढणे, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

शरणागती घेतली की तो वीट तात्काळ ओसरतो. बर्फातल्या खेड्यांचा कारभार त्यांचा जुना राजाच पाहतो. अखेरच्या मोजणीत त्याची निम्मी जमीन आणि निम्मी लोकसंख्या आपल्या नावावर धरली जाते. सर्वांना जिंकून डाव संपवावयाचा असेल, तर प्रत्येक प्रतिस्पर्धी नष्ट होणे आवश्यक नाही. जे उरले ते आपले मांडलिक असले की पुरते. मात्र मांडलिक फुकट मिळतो असे कोणी समजू नये. त्याची नगरे मोजूनच आपल्या नगरांचा कारभारखर्च वाढविला जातो. आणि त्याचे पूर्वीचे हाडवैरी आपल्याकडेही वाकड्या नजरेने पाहू लागतात. भिकेला लागलेला, सर्वांना नकोसा झालेला राजा पदरी घेणे हे पुष्कळदा विकतचे दुखणे ठरते. त्यापेक्षा तो तसाच दुबळा, स्वतंत्र आणि एकटा राहिलेला बरा.

आणखी एक धोका आहे. शरण येणारा नेहमी आपल्यालाच शरण येतो असे नाही. एकाच शत्रूवर आपण आणि आपला मित्र असे दोघे चालून गेलो, तटाखाली माणसे आपली पडली, दगडफेकी यंत्रे आपली मोडली, आणि एका सकाळी पाहतो तो शत्रूने मांडलिकी पत्करली आहे ती मित्राची. नियम असा की शरण गेलेल्याचे, त्याच्या नव्या धन्याशी वैर नसलेल्या सर्वांशी तत्क्षणी तह होतात. म्हणजे आपलेही युद्ध संपले. हातातोंडाशी आलेला घास गेला आणि आयत्या बिळावर नागोबा बसला. यावर उपाय एकच. सोबती निवडताना तो दूरचा, आळशी आणि शक्यतो समुद्रापलीकडचा निवडावा.

याहून मोठा घात होतो तो दुसऱ्या प्रकारात, आश्रयाच्या करारात. येथे नियम उलटा आहे. शरण आलेल्याचे तह होतात; पण आश्रयास आलेल्याची भांडणे मात्र नव्या धन्याच्या गळ्यात पडतात. आपण एखाद्या दुबळ्या शेजाऱ्यावर बेधडक स्वारी करतो. तो घाबरून जगातल्या सर्वांत बलाढ्य राजाच्या दारात जाऊन उभा राहतो. तो राजा त्याला आत घेतो आणि त्याच पाळीत आपल्याशी युद्ध पुकारतो. दुबळ्याशी लढायला निघालेली आपली फौज आता कोणासमोर उभी आहे, हे तेव्हा कळते.

इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या आणि वडोदऱ्याच्या श्रोत्यांना हे ऐकताना काही आठवले असेल, तर ते योग्यच आहे. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी हडपसरच्या लढाईत पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजांचा मोड केला. लढाई यशवंतरावांनी निर्विवाद जिंकली होती. पण दुसरे बाजीराव पुण्याहून निसटून अखेर वसईस पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. किमान सहा पलटणींची तैनाती फौज कायमची पदरी घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला, आणि परराज्यांशी बोलणे इंग्रजांच्या संमतीने करण्याचे कबूल केले. मे १८०३ मध्ये इंग्रजी संगिनींच्या बंदोबस्तात ते पुन्हा गादीवर बसले. घरातले भांडण संपले आणि दुसरेच युद्ध सुरू झाले. त्याची झळ पहिल्याने बसली ती शिंदे आणि भोसले यांना. होळकरांची पाळी १८०४ साली आली. हडपसरला विजय मिळवताना बाजीराव कोणाच्या दारात जाणार आणि ते दार बंद कसे ठेवावे, याची तजवीज झाली नव्हती. संगणकावरचा मुरलेला भिडू ही तजवीज स्वारीच्या आधी करतो: जो बलाढ्य तिसरा आहे त्याला दुसऱ्या एखाद्या युद्धात गुंतवून ठेवतो, किंवा घाव इतका जलद घालतो की दुबळ्याला दार ठोठावण्यास सवड मिळू नये.

मांडलिकाच्या सुटकेचे नियम मला या खेळात सर्वांत विचार करण्याजोगे वाटतात. आश्रयाचा करार दहा पाळ्या उलटल्यावर मांडलिकाला मोडता येतो. शरणागती इतकी सहज मोडत नाही; तिला दोन वाटा आहेत. मांडलिकाची जमीन आणि लोकसंख्या ही दोन्ही वाढून सार्वभौमाच्या निम्म्यावर पोहोचली, तर तो स्वतंत्र होऊ शकतो. ही झाली बळाची वाट. दुसरी वाट याच्या उलट आहे. शरण आला तेव्हा त्याच्याजवळ जी भूमी होती तिच्यातली निम्म्याहून अधिक जर इतरांनी हिरावून घेतली, तरीही तो मोकळा होतो. ज्याने रक्षण केले नाही त्याचे स्वामित्व उरत नाही, असा याचा अर्थ. म्हणून शहाणा सार्वभौम मांडलिकाला वाढूही देत नाही आणि मरूही देत नाही. त्याच्या सीमेवर आपली एक भक्कम शिबंदी ठेवतो, आणि त्याला एखादे नगर बक्षीस देण्यापूर्वी स्वतःची जमीन एकदा मोजून पाहतो.

येथेच खेळ इतिहासाहून भाबडा ठरतो. तैनाती फौजेची खरी करामत अशी होती की रक्षणच मांडलिकाला खाऊन टाकीत असे. रक्षणाचा खर्च त्याचा, फौज धन्याची. हप्ता थकला की मुलूख तोडून द्यावयाचा, आणि मुलूख गेला की पुढला हप्ता हटकून थकावयाचा. पटावर हा प्रकार नाही. पटावर रेसिडेंटही नाही. मांडलिकाच्या दरबारात बसून दिवाण कोण असावा हे सुचविणारा, अंतःपुरातल्या गोष्टी कलकत्त्याला कळविणारा तो गृहस्थ रचनाकारांना सुचला नाही, किंवा सुचला असूनही त्यांनी सोडून दिला. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना ज्या रीतीने गादीवरून दूर करण्यात आले, तशी तरतूद या खेळात कोणत्याच सार्वभौमाला नाही. मांडलिकाकडून लोखंड मागता येते, गादी मागता येत नाही.

आणि वारसाचा प्रश्न तर तेथे उद्भवतच नाही. कारण पटावरचे राजे मरत नाहीत. सहा हजार वर्षे तोच अशोक, तोच सीझर, तीच एलिझाबेथ. सातारा १८४८ साली आणि झाशी व नागपूर १८५४ साली खालसा झाली ती राजाला औरस पुत्र नव्हता आणि दत्तक मानला गेला नाही म्हणून. अमर राजांच्या जगात डलहौसीला काही कामच उरत नाही. कौटिल्याने विजेत्यांचे तीन वर्ग केले आहेत: नमन करून घेऊन तृप्त होणारा धर्मविजयी, भूमी आणि द्रव्य घेणारा लोभविजयी, आणि भूमी, द्रव्य, पुत्र, दारा व प्राण सारेच हरण करणारा असुरविजयी. या खेळातले बहुतेक भिडू लोभविजयी असतात, आणि नियमांची रचनाही त्यांच्याच सोयीची आहे.

शेवटी एका चमत्कारिक सोयीचा उल्लेख करावयाचा राहिला. २००७ साली आलेल्या ‘बियॉन्ड द स्वोर्ड’ या दुसऱ्या पुरवणीत समुद्रापलीकडच्या भूखंडावरील आपल्या नगरांना वसाहतीचा निराळा खर्च लागू झाला. नगरे वाढत जातात तसा तो इतका चढतो की, दूरदेशी मिळविलेल्या संपत्तीतून घरी काहीच येईनासे होते. अशा वेळी भिडूला ती नगरे स्वतःहून स्वतंत्र करता येतात. ज्या भूमीसाठी आपण गलबते बांधली, माणसे पाठविली, तिच्यावर एक नवा राजा बसतो आणि पहिल्या क्षणापासून आपला मांडलिक होतो. तो कोण असावा हे ठरविणे आपल्या हाती नसते. खजिन्याचा आकडा त्याच पाळीत सुधारलेला दिसतो; आणि नकाशावर, कालपर्यंत आपल्या रंगाचा असलेला तो किनारा दुसऱ्याच रंगाने रंगलेला असतो.